मोजे सुईवरून उतरल्यानंतर: टोक जोडण्यापासून फर्म्यावर वाळवण्यापर्यंत

चार सुयांवर मोजा विणत बोटांकडच्या टोकापर्यंत पोहोचलेली व्यक्ती बहुधा घाईत असते. पहिला मोजा पायात घालून पाहायचा असतो आणि दुसरा अजून सुईवर चढायचा असतो. मग उरलेले टाके कसेबसे आवळून बंद केले जातात, सुट्या धाग्यांना गाठी मारून ते कापले जातात आणि मोजा झाला असे जाहीर होते. आठवडाभराने अंगठ्याजवळची गाठ बुटात टोचू लागते आणि पहिल्या धुण्यानंतर कापलेल्या धाग्याचे टोक तळव्यातून डोके वर काढते. मी स्वतः पहिल्या तीन जोड्या अशाच वाया घालवल्या. त्यानंतर एक गोष्ट पक्की ठरवली: पाण्यातून निघून वाळेपर्यंत मोजा पुरा झाला असे मानायचे नाही आणि तोपर्यंत मुरवलेल्या धाग्यांची टोके कापायला कात्री हातात घ्यायची नाही. पुढची सगळी पद्धत या क्रमावर उभी आहे.

उदाहरणासाठी एक ठरावीक मोजा समोर ठेवू. पंचाहत्तर टक्के मेरिनो लोकर आणि पंचवीस टक्के नायलॉन असलेली मोज्यांची बारीक लोकर, २.२५ मिमीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या क्रमांकानुसार १३ नंबरच्या दोन्ही बाजूंनी टोकदार सुया, ६४ टाके आणि दहा सेंटिमीटरमध्ये ३२ टाके बसतील इतकी घट्ट वीण. अशा मोज्याचा घेर २० सेंटिमीटर येतो आणि तो पावलाचा घेर २२ सेंटिमीटरच्या आसपास असलेल्या पायाला बसतो, कारण मोजा पावलापेक्षा साधारण एक दशांशाने लहान असला तरच तो घट्ट बसतो आणि बुटात गोळा होत नाही. मोजा बॉर्डरपासून खाली विणत आणला आहे असे येथे गृहीत धरले आहे. टोकापासून वर विणणाऱ्यांसाठी पुढे एक परिच्छेद आहे.

टोक जोडणे

टोकाकडे टाके कमी करत आणताना शेवटच्या चार-पाच फेऱ्यांमध्ये एक फेरी सोडून नव्हे, तर प्रत्येक फेरीत टाके कमी करावेत. त्यामुळे टोकाला गोलाई येते आणि जोडणीच्या दोन्ही कोपऱ्यांवर ससाच्या कानांसारखी जी टोके वर येतात ती फारशी येत नाहीत. एकूण २४ टाके उरले की थांबावे, १२ वरच्या बाजूचे व १२ तळव्याचे अशा दोन सुयांवर ते घ्यावेत आणि धागा कापावा. जोडायच्या रुंदीच्या चौपट धागा पुरतो, पण बोटांत धरायला सोयीचे म्हणून ३० सेंटिमीटर ठेवणे बरे.

हे २४ टाके बंद करण्याचे तीन मार्ग आहेत. धागा सगळ्या टाक्यांतून ओवून बटव्याच्या नाडीसारखा ओढणे सर्वांत सोपे आहे, पण त्यासाठी आठच टाके उरेपर्यंत कमी करत जावे लागते, नाहीतर टोकाला गाठोडे होते. तिसऱ्या सुईने दोन्हीकडचा एकेक टाका एकत्र विणत बंद करणे भक्कम असले तरी आत एक कंगोरा राहतो, आणि तो कंगोरा बरोबर बोटांच्या नखांवर येतो. तिसरा मार्ग म्हणजे सुईदोऱ्याने विणीची एक नवी ओळच शिवून काढणे. बाहेरून किंवा आतून ही जोडणी हाताला लागत नाही, म्हणून पायमोज्याला मी दुसरे काही वापरत नाही.

इंग्रजीत या जोडणीला किचनर स्टिच म्हणतात. १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले आणि १९१४ मध्ये ब्रिटनचे युद्धमंत्री झालेले लॉर्ड किचनर यांचे नाव तिला पहिल्या महायुद्धानंतर चिकटले. खंदकात आठवडेच्या आठवडे ओल्या बुटात उभ्या राहणाऱ्या सैनिकांसाठी तेव्हा घरोघरी मोजे विणले जात होते आणि अशा पायाला शिवणीचा एक कंगोराही जखम करायला पुरेसा होता. जोडणीची पद्धत मात्र त्यांच्या आधीपासूनची आहे.

प्रत्यक्ष कृती अशी. दोन्ही सुया एकमेकींना समांतर, मोज्याची सुलट बाजू बाहेर ठेवून डाव्या हातात धराव्यात. धागा मागच्या सुईच्या उजव्या टोकाला असावा. तो मोठ्या नेढ्याच्या, बोथट टोकाच्या सुईत ओवावा. दाभण वापरू नये, कारण त्याचे टोक लोकरीचे पदर फोडते. प्रारंभी पुढच्या सुईवरच्या पहिल्या टाक्यात उलट टाका विणताना सुई जशी घालतो तशी घालून धागा ओढून घ्यावा आणि टाका सुईवरच ठेवावा. मग मागच्या सुईवरच्या पहिल्या टाक्यात सुलट टाक्यासारखी सुई घालून तोही ठेवावा. येथपर्यंत तयारी झाली.

आता पुढच्या सुईवरच्या पहिल्या टाक्यात सुलट टाक्यासारखी सुई घालून तो टाका सुईवरून सोडून द्यावा आणि लगेच त्याच सुईवरच्या पुढच्या टाक्यात उलट टाक्यासारखी सुई घालून तो ठेवावा. त्यानंतर मागच्या सुईवर पहिल्या टाक्यात उलट टाक्यासारखी सुई घालून तो सोडावा आणि त्यापुढच्या टाक्यात सुलट टाक्यासारखी घालून तो ठेवावा. हे चार टप्पे शेवटपर्यंत चालतात. हात चालू असताना मनातल्या मनात म्हणायला एवढे पुरते: पुढे सुलट सोड, उलट ठेव, मागे उलट सोड, सुलट ठेव. दोन्ही सुयांवर एकेक टाका उरला की पुढचा सुलट करून सोडावा, मागचा उलट करून सोडावा. धागा दर वेळी सुयांच्या खालून न्यावा, वरून गेला तर सुईभोवती एक जादा वेढा पडतो. मध्येच उठावे लागलेच तर मागच्या सुईचे दोन्ही टप्पे पुरे करूनच उठावे, कारण परत येऊन अर्धवट टप्पा ओळखणे फार अवघड असते. एवढ्या कामापुरता मी फोनही दुसऱ्या खोलीत ठेवते.

शिवताना धागा आवळू नये, सैलच राहू द्यावा. सगळे टाके झाल्यावर बोथट सुईच्या टोकाने पहिल्या टाक्यापासून एकेक फास हलकेच उचलत, वरच्या-खालच्या विणीच्या टाक्यांएवढा होईल इतकाच ओढत शेवटपर्यंत जावे. या ताण समान करण्याच्या कामाला पाच-सात मिनिटे लागतात आणि जोडणी दिसणार की नाही ते याच मिनिटांत ठरते. शेवटी सुई कोपऱ्यातून आत घालावी आणि कोपऱ्याचा टाका आतून अडकवून किंचित आत ओढून घ्यावा.

भोके, फटी आणि सुटे धागे

मोजा उलटा करून हातावर चढवावा आणि उजेडासमोर धरावा. टाचेची पट्टी विणून झाल्यावर जेथे तिच्या कडेने टाके उचलले जातात, तेथे, म्हणजे टाचेलगतच्या कळीच्या वरच्या कोपऱ्यांत, दोन्ही बाजूंना लहान भोक बहुधा सापडतेच. त्याला आरपार टाके घालून ओढले तर बाहेरून चुणी पडते. त्याऐवजी भोकाभोवतीच्या सहा-आठ टाक्यांचा एकेक पदर सुईने उचलत गोल फिरावे आणि मग धागा सावकाश ओढावा, म्हणजे भोक कडेकडून मिटत येते. येथे टाचेचा सुटा धागा उपलब्ध असेल तर तोच वापरावा. दोन सुयांच्या सांध्यावर उभी शिडीसारखी विरळ रेघ दिसत असेल तर ती आत्ता ओढाताण करून दुरुस्त करू नये. हलकी शिडी पाण्यातून गेल्यावर आपोआप भरून येते. न आलीच तर शेजारच्या टाक्यांतली थोडी थोडी लोकर सुईच्या टोकाने तिकडे सरकवता येते.

सुटे धागे मुरवताना गाठ मारायची नाही. मोज्याच्या आतल्या बाजूला उलट टाक्यांचे जे उंचवटे दिसतात, त्यांच्याच मार्गाने, म्हणजे वर, वळून खाली, पुन्हा वर अशा नागमोडी रेषेत, सुटा धागा पाच-सहा सेंटिमीटर न्यावा. असा मुरवलेला धागा विणीबरोबर ताणला जातो आणि परत येतो. सरळ रेषेत ओवलेला धागा मात्र मोजा ताणला की एक तर तुटतो किंवा निसटतो. जागेची निवड तितकीच महत्त्वाची आहे. तळव्याचा बोटांखालचा फुगीर भाग आणि टाचेचा मागचा भाग येथे धागा मुरवू नये, कारण सगळा भार व घर्षण तेथेच असते. टोकाचा धागा वरच्या बाजूला, बोटांच्या वर न्यावा. बॉर्डरच्या सुरुवातीचा धागा आधी फेरीच्या जोडाजवळची पायरी मिटवण्यासाठी समोरच्या पहिल्या टाक्यातून फिरवावा आणि मग बॉर्डरच्या उभ्या सुलट रेघेच्या आडोशाने खाली न्यावा.

सर्व धागे मुरवून झाले तरी प्रत्येकाचे दोन-तीन सेंटिमीटर टोक बाहेर लोंबू द्यावे. धुतल्यावर वीण सैलावते आणि हलते. धागा आधीच विणीलगत कापलेला असेल तर तो आत ओढला जाऊन मोकळा होतो.

ज्यांच्या टाचा लवकर झिजतात त्यांनी याच टप्प्यावर टाचेच्या आतल्या बाजूने, पातळ नायलॉन धाग्याने, प्रत्येक टाक्याच्या मार्गावरून दुसरा टाका फिरवून घ्यावा. काम कंटाळवाणे आहे, पण ट्रेकला नेण्याच्या मोज्यांसाठी ते करावे असे मला वाटते. घरात वापरायच्या मोज्यांना त्याची गरज नाही.

टोकापासून वर विणणाऱ्यांचे शेवटचे काम बॉर्डरवर येते आणि तेथे चूक एकच होते: टाके फार घट्ट बंद केले जातात. बॉर्डर घोट्यावर बसते म्हणून घोट्याचाच घेर डोळ्यांसमोर ठेवला जातो, पण मोजा चढवताना तिला टाच ते पावलाचा वरचा बाक असा तिरका घेर ओलांडावा लागतो आणि तो घोट्यापेक्षा बराच मोठा असतो. म्हणून दोन नंबर जाड सुई घ्यावी, दोन टाके मागच्या बाजूने एकत्र विणावेत, तयार झालेला टाका डाव्या सुईवर परत घ्यावा आणि पुन्हा पुढच्या टाक्यासह दोन एकत्र विणावेत. शेवटचा धागा ओढून टाकण्यापूर्वी मोजा पायात चढवून पाहावा.

पाणी

लोकरीचा तंतू केराटिन या प्रथिनाचा असतो. पाणी आत शिरले की त्या तंतूतले हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना नव्या जागी पुन्हा बांधले जातात. ओल्या लोकरीला जो आकार दिला तो वाळल्यावर टिकतो, तो यामुळे. वरवर पाणी शिंपडून हे होत नाही, तंतू पूर्ण भिजावा लागतो.

त्याआधी हातातली लोकर खरोखर लोकर आहे का, याची खात्री करावी. आपल्याकडच्या दुकानांत लोकर म्हणून मिळणारी बरीचशी गुंडाळी ॲक्रिलिकची असते. धाग्याचा लहान तुकडा चिमट्यात धरून मोरीच्या फरशीवर पेटवून पाहावा. लोकर असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि बोटांत चुरडली जाणारी राख उरते. ॲक्रिलिक वितळते आणि टणक मणी होतो. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा दिसतात.

टबात कोमट पाणी घ्यावे, ३० अंश सेल्सियसच्या आसपास, म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला धड गरम नाही आणि गारही नाही असे लागेल इतपत. त्यात लोकरीच्या कपड्यांचे सौम्य द्रावण किंवा रिठ्याचे गाळलेले पाणी थोडे मिसळावे. रोजच्या कपड्यांची पावडर टाकू नये, कारण ती अल्कधर्मी असते आणि तिच्यात प्रथिनांचे डाग काढणारे विकर असेल तर लोकरही त्याच्या दृष्टीने प्रथिनच आहे. गडद रंगाचे मोजे पहिल्या वेळी वेगळे भिजवावेत. मोजे पाण्यात दाबून त्यांतली हवा काढावी आणि वीस ते तीस मिनिटे नुसते पडू द्यावेत. चोळणे, ब्रश मारणे, पिळणे यांपैकी काहीही करायचे नाही. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. उष्णता, साबण आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि नमद्यासारखा जाड थर होतो. एकदा घरातल्या कोणीतरी माझे साध्या लोकरीचे मोजे चादरींबरोबर यंत्रात टाकले, ते बाहेर आले तेव्हा भाचीच्या बाहुलीला बसत होते. अशी आटलेली वीण परत उलगडत नाही.

ज्या लोकरीवर यंत्रात धुता यावे म्हणून प्रक्रिया केलेली असते, तिचे खवले क्लोरिनने बोथट करून त्यांवर रेझिनचा पातळ लेप दिलेला असतो. ती आटत नाही, पण ओली झाली की अनपेक्षित लांब होते. अशा वेळी घाबरून जाऊ नये. तळहातांनी वीण लांबीच्या दिशेने आत सारत ती पूर्वीच्या मापाला आणावी.

पाण्यातून काढताना मोजे दोन्ही हातांच्या ओंजळीत उचलावेत. बॉर्डरला धरून उचलले तर पाण्याच्या वजनाने मोजा लोंबतो, आणि ओली लोकर कोरड्या लोकरीपेक्षा कमकुवत असते. साबण निघेपर्यंत तितक्याच कोमट पाण्यात खळबळून घ्यावेत. मग जाड टॉवेलवर ते पसरून टॉवेलची वळकटी करावी आणि तिच्यावर उभे राहावे. आणखी एका कोरड्या टॉवेलमध्ये हेच पुन्हा केले की मोजे दमट उरतात, निथळत नाहीत.

फर्मा

बूट करणारा कारागीर ज्यावर बूट चढवतो त्याला फर्मा म्हणतात. मोज्याचा फर्मा चपटा असतो, एवढाच फरक. लाकडी, प्लास्टिकचे आणि तारेचे फर्मे विकत मिळतात, पण घरी करणे अवघड नाही. पाऊल कागदावर ठेवून रेषा काढावी, तिच्यावर आधारित पोटरीसह मोज्याचा आकार आखावा आणि टाचेपाशी कोन काटकोनापेक्षा थोडा उघडा ठेवावा. आपल्या ६४ टाक्यांच्या मोज्यासाठी पावलाच्या भागाची रुंदी १० सेंटिमीटर असावी, कारण चपट्या फर्म्याचा घेर रुंदीच्या सुमारे दुप्पट होतो. लांबी पावलापेक्षा एक सेंटिमीटर कमी ठेवावी. जुन्या प्लास्टिक फाइलीचा जाड पत्रा चांगला चालतो. पुठ्ठा असेल तर त्यावर पूर्ण चिकटपट्टी गुंडाळावी. कडा पॉलिश पेपरने घासून घ्याव्यात, नाहीतर त्या धागा ओढतात. कपडे अडकवायच्या हँगरची तार वाकवूनही फर्मा होतो, फक्त तिचा वरचा लेप उडालेला नसावा, कारण गंजाचा डाग लोकरीतून जात नाही.

मोठा फर्मा वापरून आखूड मोजा लांब करण्याचा मोह टाळावा. ताणून वाळवलेला मोजा त्या दिवशी लांब दिसतो, पण पुढच्या धुण्यात मूळ मापाला परततो आणि मधल्या काळात त्याची लवचीकता गेलेली असते. पाणी टाके सारखे करते आणि वळणे बसवते, पण विणायच्या राहिलेल्या ओळी ते देऊ शकत नाही.

मोजा चढवताना आधी टाच जागेवर बसवावी, मग टोकाची जोडणी फर्म्याच्या टोकाला समांतर आणावी. मोज्यावर नक्षी असेल तर तिचे उभे स्तंभ सरळ आहेत का ते बोटांनी पाहत यावे. जाळीची नक्षी थोडी ताणून बसवली तर उघडते, वेण्यांची नक्षी मात्र दाबू नये, तिचा उठाव जातो. बॉर्डर जशी आहे तशी जवळ मिटलेली ठेवावी. ती ताणून वाळवली तर मोजा दिवसभर घसरत राहतो.

वाळवण सावलीत, पंख्याखाली करावे. पुण्यात हिवाळ्यात एक रात्र पुरते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात दोन-तीन दिवस धरावेत, आणि तेव्हा पत्र्याच्या फर्म्यापेक्षा तारेचा फर्मा कितीतरी सरस ठरतो, कारण आतूनही हवा खेळते. भरीव फर्मा असेल तर अर्धा दिवस गेल्यावर मोजा काढून, आतली बाजू बाहेर करून पुन्हा चढवावा. टाचेचा दुहेरी भाग सगळ्यांत शेवटी वाळतो, तेथे ओलावा राहिला तर कुबट वास बसतो.

ॲक्रिलिकच्या मोज्यांना हे सगळे लागू पडत नाही. ते पाण्याने आकार घेत नाहीत. त्यांना वाफेची इस्त्री तीन-चार सेंटिमीटर वर धरून हलकी वाफ द्यावी आणि हाताने सारखे करावे. इस्त्री टेकली तर धागा मऊ पडून चपटा होतो, चकाकू लागतो आणि लवचीकता कायमची जाते.

वाळल्यानंतर

आता मोजा पायात घालावा. तो एक-दीड सेंटिमीटर आखूड निघाला तर उसवून सगळा पुन्हा विणण्याची गरज नाही. टोकाचे टाके कमी होण्यास जेथे सुरुवात झाली, त्याच्या एक फेरी आधीच्या ओळीतला एक टाका बारीक कात्रीने कापावा, सुईच्या टोकाने तो धागा एकेका टाक्यातून काढत पूर्ण फेरी फिरावे आणि पावलाच्या बाजूचे मोकळे झालेले ६४ टाके सुयांवर घ्यावेत. टोक वेगळे होते. आपल्या विणीत एका सेंटिमीटरला साधारण साडेचार फेऱ्या लागतात. तेवढ्या विणून टोक नव्याने करावे आणि जोडावे. घेर कमी पडला असेल तर मात्र असा उपाय नाही. तो मोजा बारीक पावलाच्या माणसाला द्यावा.

जोडीतले दोन्ही मोजे एकमेकांवर ठेवून टाच ते टोक फेऱ्या मोजाव्यात. टेपपेक्षा फेऱ्यांचा भरवसा जास्त. सगळे जमले की मग लोंबते धागे एक सेंटिमीटर ठेवून कापावेत. विणीला अगदी लागून कापू नयेत. ते उरलेले टोक आत पिंजारून बसते आणि पुढे त्रास देत नाही.

उरलेल्या लोकरीतली पाच-सहा मीटरची छोटी लडी मोज्यांबरोबरच त्याच पाण्यात भिजवून वाळवलेली असावी. वर्ष-दोन वर्षांनी टाच विरळ होते तेव्हा रफूला हाच धागा लागतो, आणि न धुतलेला धागा वापरला तर तो पहिल्या धुण्यात आटून रफूभोवती चुण्या पाडतो. लडी मोज्याच्या जोडीतच गुंडाळून ठेवावी आणि मोजे पूर्ण कोरडे व स्वच्छ असल्याशिवाय कपाटात ठेवू नयेत, कारण कसर घामट लोकरीला आधी लागते.